आधी मला फोन करा

आमच्या दवाखान्यात आठवड्याला डझनभर मोसंबी यायची. ती रुग्णांसाठी नसत, माझ्यासाठी असत, आणि मी ती खातही नसे. आई-बापांना त्यात सुई टोचायला शिकवायची, हे माझं काम होतं.

कोल्हापुरातल्या एका लहान मुलांच्या दवाखान्यात मी एकोणतीस वर्षं परिचारिका होते. गेल्या वर्षी निवृत्त झाले. या अंकासाठी लिहा म्हणून सांगणं आलं तेव्हा मी नाही म्हणणार होते. मला वाचायची सवय आहे, लिहायची नाही. एक पान लिहायला मला दोन दिवस लागतात. पण एक गोष्ट सांगायची राहिली आहे.

ॲलर्जी हा शब्द आता सगळ्यांच्या तोंडी आहे. बहुतेकांच्या मनात तो शिंका, पुरळ, नाकातलं पाणी इथपर्यंतच असतो. मी सांगते आहे ती वेगळी. मूल घोटभर दूध पितं किंवा एखादा शेंगदाणा खातं. काही मिनिटांत ओठ सुजतात, अंगावर गांधी उठतात. मग आवाज घोगरा होतो, घसा आवळतो, श्वास शिट्टीसारखा वाजायला लागतो, आणि मूल निपचित पडतं. सगळ्या मुलांचं इतकं होत नाही. ज्यांचं होतं, त्यांच्यासाठी पहिलं औषध एकच : ॲड्रेनलिनचं इंजेक्शन, मांडीत, लगेच. काही देशांत ते पेनासारखं तयार मिळतं म्हणे, दाबलं की झालं. आमच्या पालकांच्या हातात काचेची छोटी कुपी आणि सिरिंज. कुपीची मान मोडायची, औषध ओढून घ्यायचं, आणि मांडीच्या बाहेरच्या बाजूला, चड्डीवरूनच, सरळ टोचायचं. मुलाच्या वजनाप्रमाणे माप डॉक्टर ठरवत. तेवढ्या मापावर सिरिंजला लाल मार्करची रेघ मी ओढून देत असे.

मोसंब्याची साल साधारण कातडीसारखी लागते. तरी पहिल्या दिवशी मोसंबं हातात धरून रडलेले बाप मी पाहिले आहेत. एक पोलीस होता, चांगला सहा फुटी. त्याच्या हातातून कुपी तीनदा पडली. "सिस्टर, गुन्हेगार परवडला ओ," म्हणाला.

आणि गाव कोणतं, तर कोल्हापूर. इथं भाजीला दाण्याचं कूट, आमटीला कूट, उपवासालाही कूट. संध्याकाळी कट्ट्यावर म्हैस उभी करून समोर धार काढतात, आणि फेसाळ ग्लास एका दमात संपवणाऱ्याची पाठ थोपटतात. अशा गावात पाहुण्यांच्या घरी जाऊन आईनं म्हणायचं, माझ्या मुलाला दूध चालत नाही. "चालत न्हाय म्हंजे? मग पोरगं जगतंय कशावर?" हे उत्तर मी माझ्या कानांनी दवाखान्याच्या पायरीवर ऐकलं आहे, मुलाच्या सख्ख्या काकाकडून.

मुलांचा त्रास दिसतो. आई-बापांचा दिसायला मला बरीच वर्षं लागली.

जयसिंगपूरचं एक जोडपं यायचं. कापडाचं दुकान, घरात अर्धं कानडी, अर्धं मराठी. मुलगी पाच वर्षांची, शेंगदाण्याची ॲलर्जी. ही आई मुलीला कोणताही नवा पदार्थ द्यायच्या आधी स्वतः खायची, घड्याळात दहा मिनिटं बघायची, आणि मग द्यायची. मी तिला म्हटलं, "अहो, तुम्हाला ॲलर्जी नाही. तुम्ही खाऊन काय कळणार?"

"कळत न्हाय, म्हाईत हाय की," ती म्हणाली. "पर हात पुढं हुतोच. आदी मला काय व्हायचं ते हू दे, असं वाटतंय."

नवरा हसत म्हणाला, "लग्नात बगा सिस्टर, हिचा आमचा डबा वेगळा. नवरीचा बाप मला इचारतोय, आमचं अन्न नासलंय काय ओ? चार घरांनी बोलवायचं सोडलंय. आहेर वाचतोय तेवढाच फायदा." तो हसला, ती हसली नाही.

एका कॉलेजात शिकवणारे एक गृहस्थ होते. बायको बँकेत. मुलाला अंडं, दूध, काजू, तिन्ही वर्ज्य. महिन्याच्या तपासणीला दोघंही रजा काढून यायचे. नंबर यायला तासभर लागायचा. मूल खेळण्यांकडे गेलं की पाच मिनिटांत दोघंही बाकावर बसल्या बसल्या झोपलेले असत. गाढ. तोंड उघडं. मला आधी हसू यायचं. एकदा नंबर पुकारला तरी उठेनात, म्हणून मी त्या गृहस्थांच्या खांद्याला हात लावला, तर ते एकदम उभे राहिले आणि ओरडले, "काय खाल्लं? काय खाल्लं त्यानं?" सगळा हॉल बघायला लागला. मग त्यांनी चष्मा पुसला, माफी मागितली आणि म्हणाले, "घरी आम्ही आळीपाळीनं झोपतो. इथं काही झालं तर तुम्ही आहात."

हे 'तुम्ही आहात' मला आवडलं. खोटं कशाला सांगू, फार आवडलं. तेव्हापासून मी पालकांना माझा मोबाइल नंबर द्यायला लागले. शिकवणं संपलं, मोसंबं बाजूला ठेवलं, की शेवटी मी म्हणायची, "घाबरू नका. तशी वेळ आलीच तर आधी मला फोन करा. मी सांगते टोचायचं की नाही."

त्यांचे चेहरे सैल पडत. आयांच्या डोळ्यांत पाणी येई. डॉक्टरांनी छापलेल्या कागदावर दुसरंच होतं : लक्षणं दिसताच इंजेक्शन द्या, मग दवाखाना गाठा. पण तो कागद कपाटात जायचा आणि माझं वाक्य लक्षात राहायचं. फोन येतही असत. बहुतेक वेळा नुसतं पुरळ असे. मी आंघोळीला गेले असले तर फोन आमचे हे उचलत. ते हायस्कूलमध्ये इतिहास शिकवून निवृत्त झालेले, हातात कायम पुस्तक. पुस्तक उपडं ठेवून दार वाजवत, आणि मी ओल्या केसांनी बाहेर येऊन बोलत असे. असं चार-पाच वर्षं चाललं. त्याचा मला अभिमान होता.

ओंकार कोडोलीच्या बाजूच्या एका वस्तीवरचा. गाव आणि माणसांची नावं बदललेली आहेत. वडील युवराज, आई सारिका. युवराजच्या चार म्हशी, आणि पोराला दुधाची ॲलर्जी. नुसती पिण्याची नाही. धार काढून आलेल्या बापानं गालाची पापी घेतली तर गाल सुजायचा. युवराजनं म्हशी घरापासून लांब, रानात नेऊन बांधल्या. धार काढली की तिथंच पंपावर आंघोळ, तिथंच कपडे बदलायचे, मग घरी. थंडीतसुद्धा. तरी त्याला खात्री वाटायची नाही. पोराला उचलण्याआधी तो आपले हात नाकाशी नेऊन हुंगायचा. पुढं पुढं त्यानं उचलणंच सोडलं. तपासणीला आला की ओंकार आईच्या कडेवर, आणि हा दोन हात पाठीमागं बांधून उभा.

"घ्या की त्याला," मी एकदा म्हटलं.

"नगो," तो म्हणाला. "लांबनं बरं दिसतंय माजं पाखरू."

ओंकार मात्र तरतरीत. पाच वर्षांचा असताना त्यानं मला विचारलं होतं, "सिस्टर, म्हशीचं रेडकू दूध पितंय, त्याला काय हुईत न्हाय?" मी म्हटलं, नाही होत. "मग मी रेडकू असतो तर?" सारिकानं तोंड फिरवलं.

सुई टोचायला शिकणाऱ्यांत युवराजचा हात सगळ्यांत स्थिर. जनावरांना टोचायची सवय. कुपी एका फटक्यात मोडायचा. मी डॉक्टरांना म्हटलंही होतं, या घराची काळजी नाही.

चार वर्षांपूर्वी आमचे हे गेले. वर्षभर आजारी होते. दहाव्याच्या दिवशी सकाळी आम्ही सगळे पंचगंगेच्या घाटावर होतो. माझा मोबाइल घरी चार्जिंगला लावलेला होता. घर सांभाळायला माझी नणंद थांबली होती.

पुढं चौदावा झाला, पाहुणे पांगले. मी रजेवरच होते. तीन आठवड्यांनी एका दुपारी सारिका आली. एकटीच आत आली. कपाळाला कुंकू, साडी नीट नेसलेली. अंग मात्र निम्मं झालं होतं. मला वाटलं, उन्हातनं आली आहे. ती सतरंजीवर बसली, पाणी नको म्हणाली.

"साहेबांचं कळलं. वाईट झालं. काय झालतं ओ?"

लोक विचारतात आणि उत्तराकडे लक्ष देत नाहीत. ही देत होती. मी बोलत गेले. आजार, दवाखाने, शेवटचे दिवस, न वाचता राहिलेली पुस्तकं. अर्धा तास तरी बोलले असेन. ती मान हलवत ऐकत होती. मग मला भान आलं आणि मी विचारलं, "आमचा ओंकार काय म्हणतो? शाळेतून आणायला कोण गेलंय आज?"

ती म्हणाली, "सिस्टर, मला माफ करा. मी दहाव्याच्या दिवशी तुमच्या घरात फोन केलता. मला खरंच म्हाईत न्हवतं ओ."

"अगं, माफी कसली? कशाला केला होतास?"

तिनं मला सांगितलं. सावकाश, एकेक करून, जसं मी तिला एकेक पायरी शिकवली होती.

शेजारणीची म्हैस व्यायली होती. आमच्याकडे पहिल्या चिकाचा खरवस करून घरोघर वाटतात. सारिकाच्या घरात दूध चालत नाही हे शेजारणीला पक्कं ठाऊक. ती भली बाई. सगळ्यांना खरवस आणि ओंकारला काहीच नाही, हे तिला बघवेना. तिनं त्याच्यासाठी गुळाचा खडा तोडून आणला. गूळ त्याला चालतो, रोज खातो. ज्या सुरीनं खरवसाच्या वड्या पाडल्या होत्या, तीच सुरी पदराला पुसून तिनं गुळाला लावली होती.

ओंकारनं खाल्ला. ओठ सुजले. खोकायला लागला. युवराज घरातच होता. त्यानं डबा काढला, कुपी मोडली, औषध लाल रेघेपर्यंत ओढलं. पोराची मांडी धरली.

"आन् मी म्हणलं, थांबा. सिस्टरनी आदी फोन करायला सांगितलंय."

फोन नणंदेनं उचलला. "वहिनी घाटावर गेल्यात, आज आमच्या दादाचा दहावा हाय," असं ती म्हणाली. "काय काम हुतं?"

"मला कसंतरीच झालं," सारिका म्हणाली. "सुतकाच्या घरात असलं इचारायचं? मी म्हणलं, न्हाई, काय न्हाई, ऱ्हाऊ दे. आन् ठेवला फोन."

मग दोघं थांबले. आता कुणाला विचारायचं? टोचावं की नको? चुकून जास्त झालं तर? पुरळच असलं तर? तिनं गावातल्या डॉक्टरला फोन लावला, तो लागला नाही. पुन्हा लावला. युवराज भरलेली सिरिंज हातात धरून उभा होता. ओंकारचा श्वास वाजायला लागला तेव्हा त्यांनी त्याला मोटारसायकलवर घेतलं. वाटेत त्याची मान पडली. तिथं रस्त्याकडेला युवराजनं टोचलं. सुई धरल्यापासून टोचेपर्यंत पंधरा मिनिटं गेली होती. हे तिनं नंतर फोनमध्ये बघून हिशेब लावून काढलं होतं.

मी अर्धा तास हिच्याशी माझ्या नवऱ्याबद्दल बोलत होते. सत्तर वर्षांचा, पोटभर जगलेला माणूस. आणि ही मान हलवत होती.

"फोन करायला मी सांगितलं होतं," मी म्हणाले.

"तुमी चांगल्यासाठीच सांगितलंतं की."



मग पदर सावरून ती म्हणाली, "एक काम हाय. हे भाईर गाडीवर बसल्यात. आत येत न्हाईत. जेवत न्हाईत, म्हशींकडं जात न्हाईत. त्यास्नी एवढं सांगा, तवाच टोचलं असतं तरी वाचला नसता म्हणून. तुमचं ऐकतील."

"तुला काय वाटतं?" मी विचारलं.

"माजं सोडा. थांबा मीच म्हणलं न्हवं का."

मी फाटकापाशी गेले. युवराज मोटारसायकलवर पाठमोरा बसला होता. दोन्ही हात मांड्यांवर उघडे ठेवलेले. मी काही बोलायच्या आतच तो म्हणाला, "सांगितलं तिनं?"

"हो."

"सिस्टर, तिला एक सांगा. तवाच टोचलं असतं तरी त्यो गेला असता म्हणून. ती रोज फोन काढून बगतीया. किती वाजता केला, किती वाजता ठेवला."

मी मान वळवली. सारिका दारात उभी होती. तिला ऐकू जात नव्हतं.

वेळेवर दिलं असतं तर वाचला असता, असं छातीठोकपणे कुणी सांगू शकत नाही. पण शक्यता होती, चांगली होती. तोवरच्या सगळ्या नोकरीत मी पालकांशी खोटं बोलले नव्हते. मोठ्या आजारातसुद्धा, डॉक्टर शब्द शोधत असताना, मी सरळ सांगत आले होते. त्या दिवशी मी फाटकापाशी युवराजला म्हटलं, "वाचला नसता." आणि दारात येऊन सारिकाला म्हटलं, "वाचला नसता." दोघांनीही मान हलवली. सांत्वनाला आलेली माणसं जाताना 'येतो' म्हणत नाहीत. तेही काही न बोलता गेले.

कामावर रुजू झाले त्या दिवशी मी डॉक्टरांना सगळं सांगितलं. "सिस्टर, तुम्ही असं सांगत होता? सगळ्यांना?" त्यांना ठाऊकच नव्हतं. त्यापुढं ते काही बोलले नाहीत, पेशंट आत घ्या म्हणाले. बोलले असते तर बरं झालं असतं.

मग मी माझ्या मोबाइलमधल्या सगळ्या पालकांना एकेक करून फोन केले. चार दिवस लागले. सगळ्यांना एकच सांगितलं : मी शिकवलेलं ते शेवटचं वाक्य पुसून टाका. ओठ सुजले आणि श्वासाला त्रास झाला की कुणालाही न विचारता टोचा, मग दवाखान्यात या. गरज नसताना टोचलं गेलं तर छाती धडधडेल, हात थरथरतील, थोड्या वेळानं थांबेल.

कॉलेजातले गृहस्थ म्हणाले, "म्हणजे रात्री तुमचा फोन नाही लावायचा?"

"आधी नाही."

"बरं," ते म्हणाले. फोन मात्र त्यांनी बराच वेळ ठेवला नाही.

जयसिंगपूरच्या आईनं विचारलं, "मग आमी इचारायचं कुणाला?"

"कुणालाच नाही."

मी जे देऊन बसले होते ते परत घेत होते, आणि ते परत घेण्यानं त्या बाईची झोप आणखी उडणार होती, हे मला कळत होतं. तरी घेतलं. तिनं पुढं दोन वर्षांनी एका वाढदिवसात मुलीला स्वतःच्या हातानं टोचलं. मुलगी ठीक आहे. फोन आला तो दवाखान्यात पोचल्यावर. ती नुसती रडत होती आणि पाठीमागून नवरा म्हणत होता, "सांग की, टोचलं म्हणून सांग की."

हे लिहायचं ठरल्यावर मी कोडोलीला जाणाऱ्या एसटीत बसले. त्यांना न विचारता लिहिणं शक्य नव्हतं. म्हशी आता घरामागं बांधलेल्या आहेत. सारिकानं चहा केला. कप हातात घेतला आणि माझ्या लक्षात आलं की चहा दुधाचा आहे. ओंकार असताना या घरात कोरा चहा होत असे. मी तो प्यायले.

मग म्हणाले, "त्या दिवशी मी तुम्हाला खोटं सांगितलं होतं. दोघांनाही."

सारिकाचा हात थांबला नाही. ती दुसरा कप भरत होती. "म्हाईत हाय," ती म्हणाली.

"तुला?"

"मला, आन् त्यास्नी बी."

युवराज उंबऱ्यावर बसला होता. "पोराला नेलं तितल्या डॉक्टरनी तवाच सांगितलंतं आमास्नी," तो म्हणाला. "पर सिस्टर, एका घरात ऱ्हायचं म्हणजे एकमेकाच्या तोंडाकडं बगाय लागतंय. तुमी म्हणला, त्यावर बगिटलं आमी."

मी विचारलं, लिहू का?

त्यानं बायकोकडे पाहिलं. तिनं कप खाली ठेवला.

"लिवा," ती म्हणाली. "नावं बदला, गाव बदला. पंधरा मिन्टं तेवढी बदलू नगा."